राजाला नडलेला शब्द

फार जुनी गोष्ट. समुद्रकाठी एका खाडीच्या मुखाशी एक लहानसं राज्य होतं. तिथला राजा शूर होता, कष्टाळू होता, पण भारी संशयी होता. जेवणाचा पहिला घास आचाऱ्याला खायला लावायचा आणि दुसरा वाढप्याला. कोणी मनापासून स्तुती केली तरी म्हणायचा, "याला काय हवंय?"

एका वर्षी त्या राज्यात पाऊस पडलाच नाही. कोठारं रिकामी झाली. लोक कंदमुळं उकडून खाऊ लागले. खाडीपासून दोन दिवसांच्या वाटेवर एका गोऱ्या साहेबाची वखार होती आणि तिथे तांदूळ भरपूर होता. राजाने निरोप धाडला, "आम्हाला तांदूळ द्या. बदल्यात आम्ही सागवान देऊ."

आठ दिवसांनी साहेबाचं पत्र आलं, इंग्रजीत. ती भाषा राज्यात एकालाच येत होती, शांबा दुभाष्याला. त्याने भर दरबारात पत्र आधी जसंच्या तसं वाचलं आणि मग अर्थ सांगितला, "महाराज, साहेब म्हणतात, तुमची मागणी आम्ही कन्सिडर करू. म्हणजे तिचा विचार करू."

राजाच्या कपाळाला आठी पडली. "विचार करू? मुलगी बघून गेलेले लोकही 'विचार करून कळवतो' म्हणतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. हा नकारच आहे."

"नाही महाराज," शांबा म्हणाला. "नकार असता तर त्यांनी सरळ तसं लिहिलं असतं. त्यांच्यात या शब्दाचा अर्थ नीट पारखून ठरवणं, असा होतो."

त्या दिवसापासून राजा शांबाकडे तिरक्या नजरेने बघू लागला.

पंधरवड्याने दुसरं पत्र आलं. शांबाने वाचलं आणि त्याचा चेहरा उजळला. "महाराज, साहेब लिहितात, आम्ही तुमच्या प्रजेला शेजारी मानतो. पौर्णिमेच्या भरतीला सात गलबतं तुमच्या खाडीत येतील."

राजा ताडकन उठला. "थांब! आत्ता वाचताना तो शब्द पुन्हा आला. कन्सिडर. मी कानांनी ऐकला. मागच्या वेळी त्याचा अर्थ 'विचार करू' होता. आज 'मानतो' कसा झाला?"

"शब्द एकच आहे महाराज, पण त्याचे अर्थ दोन आहेत. एखादी गोष्ट कन्सिडर करणं म्हणजे विचार करणं. एखाद्याला कोणी म्हणून कन्सिडर करणं म्हणजे तसं मानणं."

रायाजी कारभारी राजाच्या कानाशी लागला. "महाराज, नुसता तांदूळ द्यायचा तर सात गलबतं कशाला? आत शिपाई असले तर? आणि हा गृहस्थ शब्द हवा तसा वळवतोय."

शांबाने हात जोडले. "महाराज, माझ्यावर विश्वास नसेल तर पलीकडच्या बंदरात पाद्रीबाबा आहेत. त्यांना इंग्रजी येतं आणि आपली भाषाही येते. होडीने अर्ध्या दिवसाची वाट. त्यांना पत्र दाखवा."

"म्हणजे एका गोऱ्याचं पत्र दुसऱ्या गोऱ्याला दाखवू?" राजा कडाडला. "याला कोठडीत टाका."

ही बातमी कळताच शांबाची बायको आवडी धावत दरबारात आली. ती मासळी विकणारी, कोणाला न भिणारी बाई. "महाराज, कारभाऱ्यांना एक विचारू?"

राजाने मान हलवली.

"कारभारी, 'लागणे' म्हणजे काय हो?"

"त्यात काय अवघड? इजा होणे. दगड लागला, काटा लागला."

"आणि आमटी चांगली लागली म्हणजे आमटीने इजा केली? दार लागलं, भूक लागली, काम हाती लागलं, ते? शांबा माझा नवरा लागतो, तो काय मला टोचतो?"

दरबारात हशा पिकला. राणीसुद्धा पदराआड हसली. आवडी म्हणाली, "आपल्या एका शब्दाला इतके अर्थ, मग त्यांच्या शब्दाला दोन असले तर माझ्या माणसाचा काय गुन्हा?"

क्षणभर राजाला ते पटलं. पण संशयी मनात पटलेलं टिकत नाही. 'ही इतकी तयारीने बोलते, म्हणजे हिला आधीच कोणी शिकवून पाठवलंय,' असं त्याच्या मनात आलं. त्याने आवडीला बाहेर काढलं आणि खाडीच्या दोन्ही काठांवर तिरंदाज बसवले.

पौर्णिमेला भर दुपारी भरती आली आणि भरतीबरोबर सात गलबतं आली. पुढच्या गलबताचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, हात वर करून काही ओरडत होता. वाऱ्यामुळे ऐकू येईना.

"हल्ल्याची खूण करतोय!" कारभारी म्हणाला.

राजाने हात खाली केला. पेटते बाण सुटले. पहिल्या गलबताचं शीड भडकलं, मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. खलाशांनी पाण्यात उड्या टाकल्या. एकामागून एक तिन्ही गलबतं कलंडली, पोती फुटली आणि खाडीचं पाणी पांढरंशुभ्र झालं.

काठावरच्या बायकांनी किंकाळी फोडली, "अहो, तांदूळ आहे तो! तांदूळ!"

बाण थांबले. तांडेल पोहत काठाला लागला. तो कोळी होता, आपलीच भाषा बोलणारा. त्याचा एक हात भाजला होता. "शिपाई नाहीत, महाराज," तो धापा टाकत म्हणाला. "आम्ही फक्त तांदूळ आणला." त्याने कमरेच्या मेणकापडातून एक पत्र काढून दिलं.

ते पत्र घेऊन राजा स्वतः कोठडीत गेला. शांबाने ते वाचलं.

"यातही तोच शब्द आहे, महाराज. सांगू का अर्थ?"

"सांग," राजा हळूच म्हणाला.

"साहेब लिहितात, सागवानाची घाई नाही. तांदूळ वाटताना आधी लहान मुलांना कन्सिडर करा. म्हणजे त्यांचा विचार करा. त्यांची काळजी वाहा."

राजा कोठडीच्या दगडी उंबऱ्यावर मटकन बसला. तीन गलबतांचा तांदूळ खाडीच्या तळाशी गेला होता. उरलेल्या चार गलबतांवर राज्याला अर्धपोटी दिवस काढायचे होते.

"शांबा, मी चुकलो," तो म्हणाला. "पण मी काही विचार न करता वागलो नाही रे. पंधरा दिवस मी दुसरं काही केलंच नाही. सारखा विचारच करत होतो."

"होय महाराज," शांबा शांतपणे म्हणाला. "विचार पुष्कळ केलात. पण कोणाला विचारलं नाहीत."

तात्पर्य: मनातल्या मनात घोळवलेला संशय म्हणजे विचार नव्हे. अर्थ कळला नाही तर आधी विचारावं, मगच हात उचलावा.