नाव घेणारी भांडी

लहानपणी पहाटे एक आवाज ऐकू येई. तांब्याच्या पत्र्यावर हातोडी पडे, ठण्ण. मग क्षणभर काही नाही. तेवढ्या वेळात तांबट कान देऊन बसलेला असे. भांडं खरं बोलतं का, हे त्याला तिथं कळे. त्या आवाजाची ही गोष्ट.

एका राज्यात नागोजी तांबट राहत असे. त्याच्या कळशीतलं पाणी प्यालं की तहान अगदी मुळापासून भागे. एकदा काळ्या डोंगरावरचा जादूगार त्याच्या दारी पाणी प्याला.

"माग, काय हवं?"

"माझं नाव घरोघर व्हावं."

जादूगाराने बोटाएवढा शिक्का दिला. "भांड्यावर हा उमटव. पाणी ओतलं की भांडं तुझं नाव घेईल."

तसंच झालं. पाणी पडे आणि भांडं म्हणे, "नागोजी! नागोजी!" राजाने पालखी दिली. आता भांडी चाकर घडवीत, नागोजी नुसता शिक्का मारी. ठोक्याला कान देणं राहूनच गेलं.

पण त्या पाण्याने तहान भागेना. लोक पीत, वाहवा करीत, पुन्हा पीत. नागोजीची सात वर्षांची सगुणा तर कळशीपासून हलेना. तिचे ओठ भेगाळले. नदीवर नेली, ओंजळीने पाजलं, तरी तेच.

"बाबा, अजून."

तेव्हा छपरावरची साळुंकी बोलली, "पालखीवाल्या, आता नदीचंसुद्धा पाणी तुझं नाव घेऊनच दमतं. तहानेपर्यंत पोचणार कसं? तीन कामं कर. शिक्का डोहात टाक. भर बाजारातून चालत ये, कुणी हाक मारली तरी वळू नकोस. आणि असं भांडं घडव, की त्यातलं पाणी पिऊन माणूस काही न बोलता निघून जाईल."

"एवढंच?"

"तिसरं करून बघ, मग म्हण."

शिक्का डोहात गेला. बाजारात हजार भांडी ओरडली. सज्जातून राजा म्हणाला, "अरे नागोजी, थांब, सोन्याचं कडं घेऊन जा!" नागोजीच्या टाचा दगडासारख्या जड झाल्या, पण तो वळला नाही.

मग त्याने मोर कोरून एक गडू घडवला. वाटसरू प्याला आणि म्हणाला, "वा! कुणाच्या हातचा हो हा?" पाणी तिथंच आटलं. दुसरा गडू साधा केला, पण पिणाऱ्याला नागोजीनेच विचारलं, "कसा काय वाटला?"

साळुंकी खो खो हसली. "खाज जात नाही रे तुझी!"

तिसऱ्या वेळी नागोजी जुन्या ऐरणीपाशी बसला. एक ठोका. थांबला. कान दिला. पुन्हा ठोका. किती दिवसांनी ऐकत होता! ऐकता ऐकता गडू कुणासाठी, कशासाठी, हेही तो विसरला. संध्याकाळी विहिरीचं पाणी भरून त्याने गडू ओट्यावर ठेवला आणि हातोडी पुसत बसला.

सगुणा भिंतीला धरत आली. दोन्ही हातांनी गडू उचलून प्याली. तिच्या घोटाघोटाला राज्यातली भांडी एकेक करून गप्प झाली. बाजार निवला. राजवाड्यात राजाने पेला खाली ठेवला. त्याला आणखी नको होतं.

नागोजीच्या ओठांवर प्रश्न आला. त्याने तो गिळला.

सगुणाने गडू ठेवला, परकराने तोंड पुसलं आणि ती अंगणापलीकडे खेळायला निघून गेली.