लिंबू कुणाच्या हातावर

“मग ते पोचलं, हे तुला कळलं कसं?”

वस्तादांनी मान वर न करता विचारलं.

विश्वजित म्हणाला, “फोटो येतो. उपग्रहातून काढलेला.”

“म्हंजे दुसऱ्या कुणीतरी सांगितलं.”

“…हो.”

वस्ताद पुन्हा तलवार पुसायला लागले.

खंडेनवमीची दुपार होती. पूजेआधी हत्यारं घासून, तेल लावून ठेवायची, हा तालमीचा नेम. बाबालाल वस्ताद ओट्यावर पोतं अंथरून बसले होते. शेजारी खोबरेल तेलाची वाटी, जुन्या धोतराच्या चिंध्या, पाण्याचा तांब्या आणि ताटात झेंडू व लिंबं. वस्तादांचा उजवा हात आता वयानं थरथरतो. तेलाचे थेंब पात्यावर कमी आणि पोत्यावर जास्त पडत होते.

विश्वजित पोवार समोर मांडी घालून बसला होता. याच तालमीत तो दांडपट्टा शिकला. आता तो हवाई दलात लढाऊ विमान चालवतो. उन्हाळ्यात सीमेवर लढाई झाली, तेव्हा त्याच्या विमानाखालून सुटलेलं क्षेपणास्त्र शत्रूच्या एका ठाण्यावर जाऊन पडलं होतं. गावाच्या वेशीवर त्याच्या फोटोचा मोठा फलक लागला होता.

तो एक गोष्ट मागायला आला होता.

दसऱ्याला गाव सीमोल्लंघन करून परत आलं, की तालमीसमोर एक जण दुसऱ्याच्या तळहातावरचं लिंबू पट्ट्यानं कापतो. त्याला ‘मानाचा हात’ म्हणतात. यंदा तो हात विश्वजितचा, असं सगळं गाव म्हणत होतं. पण वस्तादांनी पट्टा स्वतः हातात दिल्याशिवाय कुणी तो उचलत नाही. आणि वस्तादांनी अजून हो म्हटलं नव्हतं.

“लांब होतं का लई?” वस्तादांनी विचारलं.

“आकडा सांगता येत नाही.”

“नको सांगू. सांगितलास तरी मी कुणाला सांगणार? शेळीला?”

विश्वजित हसला. लहानपणी वस्ताद असं बोलले की सगळी पोरं हसून आखाड्याच्या मातीत लोळायची.

“इथून मुंबई असेल, असं समजा,” तो म्हणाला. “आम्ही आमच्याच आभाळात होतो. हद्द ओलांडली नाही. ते विमानातून सुटतं, थोडं खाली पडतं, मग पंख उघडतात आणि त्याचं त्याचं निघतं. जमिनीला धरून जातं. डोंगर आला की वर, दरी आली की खाली. त्याचा आकारच असा घडवलेला असतो, की रडारला ते कळत नाही.”

“लपून जातंय म्हण की.”

“लपून नाही, वस्ताद. ते दिसतच नाही.”

“मांजरबी तसंच म्हणतंय. डोळं मिटून.”

विश्वजितनं ते सोडून दिलं. वस्तादांची चेष्टा सोसायची सवय त्याला पूर्वीपासूनची होती.

“त्याच्या नाकात कॅमेरा असतो,” तो पुढं म्हणाला. “कुठं जायचं त्याचं चित्र आधीच भरलेलं असतं. जवळ गेलं की ते समोरचं बघतं, आतलं चित्र बघतं आणि जुळवून घेतं. अमुक इमारत, अमुक भिंत. तिथंच. दोन हातसुद्धा इकडंतिकडं नाही.” त्याचा आवाज जरा वर गेला. “तुम्ही हातावरचं लिंबू कापायला शिकवलंत. मी तेच केलं. फक्त लांबून.”

वस्तादांचा फडका थांबला.

“तेच केलंस?”

“तेच.”

तालमीत गार सावली होती. आखाड्याची तांबडी माती नुकतीच खणली होती. तिला ताक आणि हळदीचा तोच जुना वास येत होता. याच वासात विश्वजित रोज पहाटे डोळे चोळत यायचा. दारातून आत शिरताना माती कपाळाला लावायचा. पहिलं वर्षभर त्याला पट्ट्याला हात लावू दिला नव्हता. तो नुसतं लिंबू धरायचा. वरची पोरं कापायची आणि तो हात पुढं करून उभा राहायचा. तालमीचा नियमच तसा होता. आधी धरायचं, मग कापायचं.

“म्हादू आठवतोय?” वस्तादांनी विचारलं.

“कसा विसरेन? ऊस वाहतो ना आता. मघाशी वाटेत ट्रॅक्टर थांबवून मला मिठी मारली. सगळा शर्ट काळा केला.”

“तुझा पहिला हात त्याच्यावर हुता.”

विश्वजितनं मान खाली घातली. “हो.”

“काय झालं हुतं?”

“तुम्हाला माहीत आहे, वस्ताद.”

“मला म्हाईत हाय. तू सांग.”

“…पातं जरा जास्त खाली गेलं. लिंबू कापलं, पण त्याच्या तळहातावर रेघ उमटली. केसासारखी. रक्तसुद्धा नीट आलं नाही.”

“मंग?”

“मग मी हात धुतला. त्याचा.”

वस्तादांनी मान डोलावली. हाही तालमीचा नियम. ज्यानं कापलं, त्यानं धरणाऱ्याचा हात धुवायचा. बोटं उघडून पाहायची, उलटा करून पाहायचा, लिंबाचा रस झोंबत नाही ना, ते विचारायचं. मगच पट्टा खाली ठेवायचा. कापणारा कितीही मोठा खेळाडू असला, तरी हे चुकत नसे.

“तांब्यातलं पाणी संपलं, तरी धूत हुतास,” वस्ताद म्हणाले. “म्हादू म्हणतोय, अरं बास, कातडं निघंल. तू रडतोयस. आन् तुझा हात… ह्यो माझा आता हलतोय ना, तसा हलत हुता. मी तवा तुझ्या बापाला सांगितलं, हे पोरगं शिकंल.”

त्याचे वडील जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांनी हे त्याला कधी सांगितलं नव्हतं.

“या वेळी नाही हलला,” तो हळूच म्हणाला.

“काय?”

“हात. बटण दाबताना नाही हलला. नंतरही नाही. परत येताना खाली आपल्या गावांचे दिवे दिसत होते. उतरलो, जेवलो, झोपलो. लगेच झोप लागली. सगळे म्हणाले, याला म्हणतात शिकलेला हात.”

त्यानं वस्तादांकडं पाहिलं. शाबासकीसाठी पाहावं तसं पाहिलं. आणि काही चुकलं का, असं विचारावं तसंही पाहिलं.

“लिंबू कुणाच्या हातावर हुतं?” वस्तादांनी विचारलं.

“कुठलं लिंबू?”

“तू लांबनं कापलंस ते.”

विश्वजितनं ताटातली लिंबं उगाच सारखी केली.

“…ते शत्रूचं ठाणं होतं, वस्ताद. त्यांनी आधी आपली माणसं मारली होती.”

“आसंल. मी न्हाई म्हणतोय व्हय? मारायची येळ येती तवा मारावंच लागतं. तू सुखरूप आलास, तुझ्या आईनं नवस फेडला. मीबी दर्ग्यात जाऊन चादर चढवली. आपलं पोरगं वाचलं, ह्याच्यापरीस मोठं काय?” वस्तादांनी तलवार बाजूला ठेवली. “मी इचारतोय ते येगळं हाय.”

“काय?”

“हात कुणाचा धुतलास?”

बाहेर सीमोल्लंघनासाठी कुणी तरी हलगी तापवून वाजवून बघत होतं. दोन ठोके, मग थांबा. पुन्हा दोन ठोके.

“तिथं जाता येत नाही,” तो शेवटी म्हणाला.

वस्ताद उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. भिंतीवरच्या खुंटीचा मानाचा पट्टा त्यांनी काढला आणि विश्वजितपुढं धरला.

“घे.”

विश्वजितचा चेहरा उजळला. तो उभा राहिला. त्यानं मुठीच्या लोखंडी खोबळ्यात कोपरापर्यंत हात घातला. आतलं कातडं थंड होतं, जागोजागी झिजलेलं. बोटांना आतली आडवी मूठ सापडली. हात आपोआप वळला. पातं हवेत लवलवलं आणि त्याला वाटलं, मधली सगळी वर्षं गेलीच नाहीत.

“म्हणजे उद्या…”

“उद्याचं उद्या. आधी आत्ता.”

वस्तादांनी ताटातलं एक लिंबू घेतलं. स्वतःच्या उजव्या तळहातावर ठेवलं. आणि हात पुढं केला.

हात थरथरत होता. लिंबू तळव्यात डावी-उजवीकडं हलत होतं, पण पडत नव्हतं.

“काप.”

विश्वजितनं पवित्रा घेतला. डावा पाय पुढं, नजर लिंबावर. पट्टा डोक्यावरून फिरला, एकदा, दोनदा… लिंबाखाली त्याला वस्तादांचा तळवा दिसला. लाठीनं पडलेले घट्टे. अंगठ्याचं काळं नख. मनगटावर एक निळी शीर होती. ती टपटप उडत होती.

पट्टा खाली आला. हळूच, रिकामा.

“काय झालं?”

“तुमचा हात हलतोय.”

“हलणारच. तुझं ते डोंगरदऱ्या चुकवत जातंय म्हणालास. आन् म्हाताऱ्याचा हात हलला तर अडतंय व्हय?”

“तसं नाही.”

“मंग?”

विश्वजितनं नजर लिंबावरून वर नेली.

“तुम्ही दिसताय, वस्ताद.”

हलगी थांबली होती. वस्तादांनी हात खाली घेतला नाही.

विश्वजितनं खोबळ्यातून हात काढला. पट्टा पोत्यावर ठेवला. मग त्यानं आपल्या हाताकडं पाहिलं. तो हलत होता. दुसऱ्या हातानं धरला, तरी हलत होता.

तो गुडघ्यावर बसला. तांब्या जवळ ओढला. वस्तादांच्या तळव्यावरचं लिंबू उचलून ताटात ठेवलं आणि त्यांचा हात धुवायला लागला. काही कापलं नव्हतं, काही लागलं नव्हतं. तरी त्यानं एकेक बोट उघडून पाहिलं. हात उलटा करून पाहिला. पाणी ओट्यावरून मातीत ओघळलं.

वस्तादांनी त्याला धुऊ दिलं.

पाणी संपलं, तेव्हा तो म्हणाला, “उद्या पट्टा माझ्याकडं नको.”

“गाव तुला बघायला येणार हाय. फलक लावलाय.”

“येऊ दे. मी लिंबू धरतो. पहिल्या वर्षी धरायचो तसं.”

वस्ताद त्याच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी ओला हात त्याच्या डोक्यावर ठेवला. लहानपणी ठेवायचे, तसाच. जड.

“धर,” ते म्हणाले.

विश्वजितनं डोळे पुसले. जायला निघाला. दारात त्यानं वाकून माती कपाळाला लावली आणि काही तरी सुचल्यासारखा मागं वळला.

“पट्टा घेऊन समोर कोण असेल, वस्ताद?”

वस्तादांनी पट्टा खुंटीला अडकवला, खाली बसले आणि तेलाची वाटी जवळ ओढली.

“ते तुला कशाला दिसायला पायजे? तिकडं ज्याच्या हातावर लिंबू हुतं, त्याला तू दिसला हुतास व्हय?”