दहा टोकांचा दोर

एका राज्यात न्याय दोराने होत असे. न्यायसभेत फिर्यादीने दोराचे एक टोक धरायचे, आरोपीने दुसरे. फिर्यादीने एक वाक्य बोलायचे, आरोपीने एक उत्तर द्यायचे. ज्याचे बोल खोटे, त्याच्या मनगटावर दोर आवळे आणि तो उभ्याउभ्या दगडाचा खांब होऊन सभेचे छत पेलत राही. फिर्याद जन्मात एकदाच. या राज्याला लोक मोठ्या अभिमानाने न्यायाचे राज्य म्हणत. म्हणोत बापडे.

त्या राज्यात दर फाल्गुनात एक करकोचा आभाळातून उतरे आणि एक मुलगी उचलून नेई. सहा वर्षांत सहा मुली गेल्या. पहिली देवजी कुंभाराची मंजुळा. देवजीने करकोच्याला सभेत ओढले आणि म्हणाला, "माझी मुलगी तू घेतलीस."

करकोचा म्हणाला, "मी घेतली नाही. मी पोचवली."

उत्तर खरे होते. दोर देवजीच्या मनगटावर आवळला.

दुसऱ्या बापाने डोंगरावरच्या काळंजन मांत्रिकाला उभे केले. मांत्रिक म्हणाला, "मी घेतली नाही. मला दिली गेली." तेही खरे होते. असे करत सहा बाप खांब झाले. सहावा बाप म्हणजे दोर वळणारा रायाजी. त्याची केवडा नऊ वर्षांची होती.

मागे उरली रायाजीची बायको भिवरा. ती रोज सभेत जाई, नवऱ्याच्या दगडी पायांवरची धूळ पुसे आणि घरी येऊन अंबाडीचा वाख वळत बसे. रडू यायचे, पण हात थांबत नसत. वळता वळता एक दिवस तिच्या मनात आले, की एकाने पोचवली, दुसऱ्याला दिली गेली, मग देणारा कोण? दोघांना वेगवेगळे विचारले तर दोघेही सुटणारच.

ती न्यायशास्त्र्यांकडे गेली. म्हणाली, "शास्त्रीबुवा, मला सगळ्यांवर एकदम फिर्याद करायची आहे. माझ्या मुलीचीही आणि नवऱ्याचीही."

शास्त्री म्हातारे होते. त्यांनी हयातभर खांबच मोजले होते. "बाई, दोराला टोके दोन. तिसऱ्याने धरायचे कुठे?"

"दोर मी वळते, बुवा. टोके किती ठेवायची ते वळणारीच्या हाती."

शास्त्री म्हणाले, "ज्याची वस्तू पेडात वळशील त्याला यावेच लागेल. पण एक जरी अपराधी बाहेर राहिला, तरी खांब तूच होशील."

भिवरा प्रथम दलदलीत गेली. कमरेइतक्या चिखलात ती दिवसभर उभी राहिली. जळवा लागल्या, तिने लागू दिल्या. करकोचा पंख झाडून उडाला, तेव्हा गळालेले पीस तिने उचलले.

मग ती काळंजनाच्या गुहेत गेली. मांत्रिक अंघोळीला गेला होता. भिंतीशी सहा दिवे होते. पाच जळत होते, पहिल्याची वात काळी पडली होती. शेवटच्या दिव्याची ज्योत वारा नसताना भिवरेकडे झुकली.

"आई, मला ने," ज्योत म्हणाली.

तिने दिवा उंबऱ्यापर्यंत आणला, तशी ज्योत विझू लागली. भिवरेने तो परत जागेवर ठेवला. त्या बाईचे काळीज कसे फुटले नाही, मला ठाऊक नाही. तिने चुलीतली मूठभर राख घेतली. निघताना तिने पाहिले, पाचही दिव्यांचा धूर वाऱ्याच्या उलट वाहत राजवाड्यावर जात होता.

राजा अजरसेन साठीचा होता आणि त्याच्या मिशा सहा वर्षांत काळ्याभोर झाल्या होत्या. भिवरा म्हणाली, "महाराज, शेल्याचे एक सूत द्या."

"कशाला?"

"न्यायाचा दोर वळायला."

राजा हसला. राजालाही त्या दोराचे टोक धरावे लागेल, हे त्याच्या स्वप्नातही आले नाही. त्याने सूत दिले.

भिवरेने पीस, राख आणि सूत वाखात घालून तीन पेडांचा दोर वळला आणि त्याला दहा टोके काढली. सहा टोके तिने सहा खांबांना बांधली, तिघे अपराधी सभेत ओढले आले आणि तीन टोके करकोच्याच्या पायावर आणि बाकी दोघांच्या मनगटांवर जाऊन बसली. दहावे तिने स्वतः धरले. राजा ओरडला, पण त्याला जागचे हलता येईना.

भिवरा म्हणाली, "आमच्या सहा मुली तुम्ही तिघांनी मिळून घेतल्या आणि त्यांचा जाब विचारायला आलेल्यांना दगड केलेत."

करकोचा म्हणाला, "मी पोचवल्या. विचारा मांत्रिकाला."

मांत्रिक म्हणाला, "मला दिल्या गेल्या. विचारा राजाला."

राजाने उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले. बोट दाखवायला चौथा कोणी नव्हता. तो पुटपुटला, "एक मुलगी वर्षभर जळली, की माझे एक वर्ष कमी होई."

दोर तिघांवर एकदम आवळला. तिघे खांब झाले आणि सहा खांबांची माणसे झाली. छत आता त्या तिघांवर टेकले.

डोंगरावरून पाच मुली उतरल्या. केवडाचे केस पांढरे झाले होते. रायाजीने ते केस दोन्ही हातांत धरले आणि तो मोठ्याने रडला. राज्य राजाच्या बहिणीने सांभाळले. पुढे फाल्गुनात करकोचा उतरला नाही.

दहा टोकांचा दोर सभेतच राहिला. फिर्याद सुरू होण्याआधी एक जण दाराशी उभा राहून हाक देतो, "आणखी कोणाचे काही? आणखी कोण यात आहे?" आणि कोणी यायचे उरले नाही ना, हे रस्त्याच्या टोकापर्यंत पाहून घेतो. हे काम देवजी कुंभाराने मागून घेतले. त्याची मंजुळा आली नव्हती.