बुजवलेली बिळे

एका संस्थानात एकदा असा वाद निघाला, की कोल्ह्याच्या शिकारीवर बंदी घालावी की घालू नये. दरवर्षी माघात राजा घोड्यावर बसून माळावर उतरे. पुढे शिकारखान्याची कुत्री, मागे सरदारांचे घोडे, आणि या सगळ्या लवाजम्याच्या पुढे जिवाच्या आकांताने धावणारा, मांजराहून थोडा मोठा एक कोल्हा. कोल्हा दमेपर्यंत हे चाले. दमला की कुत्री त्याला फाडत. मग त्याचे शेपूट राजाच्या घोड्याला बांधून ढोलताशांच्या गजरात मिरवणूक निघे. त्या संस्थानात याला शौर्य म्हणत.

त्या वर्षी माळालगतच्या गावातली एक म्हातारी थेट दरबारात येऊन उभी राहिली. घोड्यांनी तिचा उभा हरभरा तुडवला होता, पण पिकाबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. म्हणाली, "सरकार, मागल्या साली तो कोल्हा माझ्या बांधावर मेला. कुत्री त्याला ओढत होती आणि तो माझ्याकडं बघत होता. तवापासून मला त्या बांधावर जाववत नाही. हे बंद करा."

एक सरदार हसून म्हणाला, "आजी, कोल्हा कोकरू ओढून नेतो, तेव्हा ते कोकरू कुणाकडं बघतं?"

दरबार खदखदला. युक्तिवाद तसा शिळाच होता, पण दरबारात शिळे अन्नच अधिक रुचते. कोल्हा चोर, तो धनगरांची कोकरे नेतो, म्हणून शिकार म्हणजे प्रजेचे रक्षण. झाले. राजा दुष्ट नव्हता. त्याला आजवर कोणी काही विचारलेच नव्हते, एवढेच. तो म्हणाला, "नदीकाठच्या मठातले आचार्य सांगतील, तो निवाडा मी मानीन."

आचार्य फार वृद्ध होते. राजाचा निरोप्या आला, तेव्हा ते अंगणात शेंगा सोलीत बसले होते. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "शिकारीच्या दिवशी राजाने मठात यावे. निवाडा माझा हा शिष्य सांगेल."

शिष्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्याचे नाव धारोजी. तो शिकारखान्याच्या दारोग्याचा मुलगा होता, आणि ही गोष्ट आचार्यांना चांगली ठाऊक होती.

दुसऱ्याच दिवशी दारोगा मठात आला. आचार्यांच्या पाया पडला आणि मुलाला विहिरीकडे घेऊन गेला.

"धारू, सरकार विचारतील तेव्हा एवढंच म्हण, कोल्हा कोकरं नेतो. यात खोटं काय आहे? नेतो कधीमधी."

"आणि बाकीचं, आबा?"

"बाकीचं काय?"

"तुम्हाला ठाऊक आहे."

दारोग्याने मागे वळून पाहिले. विहिरीवर कोणी नव्हते. तरी त्याचा आवाज उतरला. "ते तुझ्या-माझ्यात. बाहेर फुटलं तर सरकार मला माळावर उभा करून कुत्री सोडतील. कळतंय का तुला? बापावर कुत्री सोडायची आहेत का?"

ते बाकीचे असे होते. माळावरचे कोल्हे केव्हाच कमी झाले होते. उंदीर, बोरे, टोळ यांवर जगणारा तो जीव. त्याला मोठे कोकरू झेपतही नसे. शिकारीला कोल्हा मिळेना, तेव्हा दारोग्याने एक युक्ती काढली होती. दसऱ्यापासून तो खाटकाकडची आतडी आणि हाडे गुपचूप माळावर टाकवी, म्हणजे कोल्हे तिथेच राहत आणि पिल्लेही जगत. ज्याला चोर म्हणून मारायचे, त्याला चार महिने स्वतःच पोसायचे! राजाला हे ठाऊक नव्हते. धनगरांना असावे, पण त्यांना कोण विचारतो?

जाता जाता दारोगा आचार्यांना म्हणाला, "महाराज, शिकारीच्या आदल्या संध्याकाळी पोराला माझ्याकडं पाठवा. बिळं बुजवायची आहेत. त्याच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही."

धारोजीला वाटले, गुरुजी नकार देतील. त्याने मनोमन तशी प्रार्थनाही केली. आचार्य म्हणाले, "अवश्य पाठवतो." मग शिष्याकडे पाहून म्हणाले, "काम नीट कर. एकही बीळ उघडं राहता कामा नये."

बिळे बुजवल्याशिवाय कोल्ह्याची शिकार होतच नाही. कुत्री मागे लागली, की कोल्हा घरात शिरतो आणि खेळ संपतो. म्हणून कातरवेळी कोल्हा भक्ष्य शोधायला बाहेर पडला, की माणसे जातात, बिळाच्या तोंडात बाभळीचे काटे कोंबतात, त्यावर दगड, त्यावर ओला चिखल. सकाळी कोल्हा घराकडे धावतो आणि घर नसते. धारोजी लहानपणापासून हे करीत आला होता. त्या संध्याकाळी त्याने चिखल थापला, तेव्हा पहिल्यांदाच त्याच्या मनात आले, की आत पिल्ले असली तर? त्याने कान लावला. काहीच ऐकू आले नाही. तो घाईघाईने पुढच्या बिळाकडे गेला, पण ते ऐकू न येणे त्याच्या कानात बसले ते बसलेच.

शिकारीचा दिवस उजाडला. आचार्यांनी धारोजीला अंगणात बसवून ठेवले. मठ माळाच्या अगदी कडेला होता. चारी बाजूंनी उंच भिंत आणि एकच दार. पहिल्या प्रहरी शिंग वाजले. मग कुत्र्यांचा गलका. तो कधी दूर जाई, कधी एकदम जवळ येई. धारोजीला त्या आवाजावरून सगळे दिसत होते. आता कोल्हा टेकडीखालच्या बिळाकडे वळला. गलका थांबला नाही, म्हणजे बीळ मिळाले नाही. आता ओढ्याकडे. तिथेही नाही. आपण केलेले चोख काम तो एकेक करून ऐकत होता.

एवढ्यात आचार्य उठले. सावकाश चालत दारापाशी गेले. एरवी हे दार दिवसभर सताड उघडे असे. वाटसरू, गाय, भटके कुत्रे, कोणालाही त्यांनी कधी अडवले नव्हते. त्या दिवशी त्यांनी ते लावले, अडसर घातला आणि दाराला पाठ लावून उभे राहिले.

"गुरुजी, दार का लावलंत?"

आचार्यांनी फक्त माळाकडे कान दिला.

आणि दारावर नखे वाजली.

प्रथम हळू. मग भराभर. लाकूड खरवडल्याचा तो आवाज आणि त्यामागे धाप; इतकी उथळ, इतकी जलद धाप, की धारोजीला आपलाच श्वास पुरेनासा झाला. खालच्या फटीतून एक काळे नाक आत आले, हुंगले, पुन्हा मागे गेले. नखे पुन्हा सुरू झाली. माळाकडून कुत्री येत होती.

"गुरुजी, तो बाहेर आहे!"

"ऐकू येतंय मला."

"मग उघडा ना!"

"का उघडू?" आचार्यांचा आवाज थंड होता. "दार बंद असणं हा तर या खेळाचा नियम आहे."

"गुरुजी, ती कुत्री आता पोचतील! तुम्हाला ठाऊक नाही ती काय करतात. मी पाहिलंय!"

"तू पाहिलंयस आणि तरी काल गेलास."

"तुम्हीच पाठवलंत मला!"

"हो. आणि आज मी दार लावलंय. तू काल केलंस तेच करतोय. मग माझा राग का येतोय तुला?"

बाहेर कोल्हा एकदा केकाटला. धारोजीने त्यानंतर काय केले, ते त्याला पुढे कधी नीट आठवले नाही. ज्या माणसाच्या पायांना तो रोज स्पर्श करी, त्याला त्याने दोन्ही हातांनी बाजूला ढकलले. आचार्य भिंतीवर आदळले. अडसर निघाला. एक चिखलाने बरबटलेला, ओलाचिंब गोळा त्याच्या पायांमधून आत घुसला आणि सरपणाच्या ढिगामागे नाहीसा झाला. धारोजीने दार लोटले, अडसर घातला, आणि त्याच क्षणी बाहेरून कुत्री दारावर आदळली.

दार हादरू लागले. धारोजी त्याला पाठ लावून उभा होता. प्रत्येक धडक त्याच्या पाठीच्या कण्यात उतरत होती. मध्ये फक्त एक फळी. फळीच्या त्या बाजूला दात, आणि थोड्याच वेळात तिथे त्याचा बाप येणार होता.

"धारू!" बाप आलाच. "दार उघड. कोल्हा आत आहे."

धारोजी म्हणाला, "कुत्री बांधा आधी, आबा."

"सरकार आलेत बाहेर! येडा झालास का?"

"कुत्री बांधा."

बाहेर साखळ्या वाजल्या. मग आचार्यांनी स्वतः पुढे होऊन दार उघडले. राजा आत आला, मागून सरदार, शेवटी मान खाली घालून दारोगा. राजा घामेजला होता, रुष्ट होता. "आचार्य, माझी शिकार तुमच्या अंगणात आहे. आणि निवाडाही आजच ठरला होता. बोलू दे तुमच्या शिष्याला. बंदी घालायची की नाही?"

दरबारात म्हातारीला हसलेला सरदार म्हणाला, "सरकार, हा काय बोलणार? याच्या बापाची भाकरी शिकारखान्यातली. बोल रे, कोल्हा कोकरं नेतो, म्हण आणि मोकळा हो."

धारोजीने बापाकडे पाहिले. दारोग्याच्या डोळ्यांत त्याने आजवर राग पाहिला होता, अभिमान पाहिला होता. आज तिथे निव्वळ भय होते, आणि ते नेमके सरपणामागच्या त्या जिवासारखे होते. बोललो तर बाप जातो. न बोललो तर दरवर्षी माघात हीच नखे ऐकायची, आणि काटे आपणच कोंबायचे.

"सरकार," तो म्हणाला, "कोकरांसाठी मारायचे तर कोल्हे आपण पोसले नसते."

"पोसले?"

"दसऱ्यापासून त्यांना मांस टाकतात. नाहीतर माळावर कोल्हाच उरला नसता. आणि काल मी प्रत्येक बीळ बुजवलं. त्याला पळायला जागा नव्हती सरकार. आपण त्याच्याशी शर्यत लावलीच नाही. आपण त्याला घराबाहेर काढलं, दारं लावली आणि दमवून मारायला निघालो."

राजा दारोग्याकडे वळला. "हे खरं?"

दारोगा गुडघ्यांवर बसला. "खरं आहे. सरकार रिकाम्या हातांनी परतले असते, तर माझी गय झाली नसती."

राजाचा हात चाबकाकडे गेला. धारोजीने डोळे मिटले. त्या वेळी आचार्य मध्ये आले. ढकलले गेले, तेव्हा भिंतीवर खरचटलेल्या त्यांच्या कोपरातून रक्त येत होते.

"राजा, चाबूक कुणावर उचलतोस? तुला दरवर्षी एक भय हवं होतं, या माणसानं ते तुला पुरवलं. जो धनगर मेंढवाड्याशी काठी घेऊन उभा राहतो आणि कोकरावर आलेला कोल्हा मारतो, त्याला मी दोष देणार नाही. त्याला कोकरू वाचवायचं आहे. कोल्हा पळाला तर तो सुखानं झोपतो. तुला मात्र कोल्हा पळून गेलेला चालत नाही, आणि लगेच मेलेलाही चालत नाही. तुला त्याचं घाबरणं हवं आहे, तेही लांबलचक. त्याला रक्षण म्हणू नकोस. शौर्य तर मुळीच म्हणू नकोस. ज्या खेळात एकाला खेळतोय हेच ठाऊक नसतं, तो खेळ नव्हे."

कोणी हसले नाही. राजाने सरपणाच्या ढिगाकडे पाहिले. तिथून धाप ऐकू येत होती, अजूनही तितकीच जलद. अखेर त्याने चाबूक सरदाराच्या हाती दिला. "शिकार बंद. शिकारखान्याची माणसं आजपासून मेंढवाड्यांवर राखणीला जातील. कोकरांची एवढी काळजी आहे ना, मग ती तिथेच घ्या." आणि तो घोड्याचा लगाम हाती धरून पायीच निघून गेला.

दारोगा मात्र गेला नाही. त्याने आपल्या माणसांना बिळे मोकळी करायला धाडले आणि अंगणात परत आला.

ऊन कलले तरी कोल्हा बाहेर येईना. धारोजी गुरूंच्या कोपराला हळद लावीत होता. "मला क्षमा करा. मी तुमच्या अंगावर हात टाकला."

आचार्य म्हणाले, "मी पाठीमागे अडसरावर हात ठेवूनच उभा होतो. तुला आणखी थोडा उशीर झाला असता, तर मीच उघडलं असतं. पण तोवर तू ढकलशील की नाही, याचीच मला धास्ती होती." मग त्यांनी दारोग्याला विचारले, "जाईल ना हो तो?"

"जाईल," दारोगा म्हणाला. "पण असं बोलत बसलात तर नाही. दार उघडं टाका. इकडं भिंतीला या, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे त्याला आपला वास यायचा नाही. आणि हलू नका."

तिघे भिंतीला टेकून बसले. दारोग्याने मुलाचे मनगट धरून त्याला खाली दाबले आणि मग ते सोडले नाही. सरपणामागून आधी नाक दिसले, मग कान. कोल्हा अंगणाच्या मध्यावर थांबला, त्यांच्याकडे वळला. त्याच्या बरगड्या थडथडत होत्या. दारोगा ओठही न हलवता पुटपुटला, "घाबरू नको रे."

हे तो कुणाला म्हणाला, ते धारोजीने विचारले नाही.

प्रथा म्हणून एखादा जीव आपल्यापुढे धावत असेल, तर त्याची दारे कोणी लावली, एवढे प्रत्येकाने आधी पाहून यावे.