भिंतीपाशी थांबलेली वैद्यबाई

फार मागे, कोणाच्या पणज्यानेही पाहिला नसेल अशा काळात, डोंगराच्या कुशीत एक छोटं राज्य होतं. तिथे भोंदूंचा सुळसुळाट झाला होता. कोणी राख विकायचं, कोणी गढूळ पाणी, आणि आजारी माणसं फसायची. म्हणून राजाने एक दगडी दालन बांधलं, आतल्या भिंतीला चुन्याचा गिलावा केला आणि राज्यातल्या सगळ्यात जाणत्या वैद्यबाईकडून त्या भिंतीवर गेरूने औषधं लिहून घेतली. मग गावोगाव दवंडी पिटली, "भिंतीवर असेल तेच औषध. दुसऱ्या कोणाचं ऐकायचं नाही."

लोक येत, वाचत, ज्यांना वाचता येत नसे त्यांना वाचून दाखवत. आत एका वेळी कितीही जण उभे राहिले तरी कोणाची अडचण नव्हती. वाचल्याने भिंत झिजत नाही. लिहिणाऱ्याचं मात्र तसं नव्हतं. आधी जुनं खरवडायचं, मग चुना लावायचा, तो सुकला की नवं लिहायचं. त्या मधल्या वेळात कोणी वाचलं तर अर्धंच वाचून जाणार, आणि अर्धं औषध जीव घेऊ शकतं. म्हणून राजाचा नियम होता: आत एक जरी वाचणारा असेल, तरी भिंतीला हात लावायचा नाही.

दारावर एक राखणदार होता. मनाने फार मऊ.

एके वर्षी तापाची साथ आली. तापासाठी भिंतीवर लिहिलं होतं, काळवेलीचं मूळ उकळून द्या. आजवर त्याने गुण आला होता. पण हा ताप निराळा होता. सकाळी काढा पाजला की दुपारी रोग्याला धाप लागायची, आणि संध्याकाळी घरात रडारड सुरू व्हायची.

वैद्यबाई घरोघर फिरली. कुठे चुकतंय ते तिला कळेना. फिरत फिरत ती डोंगरमाथ्यावर धनगरांच्या वस्तीत पोहोचली. ती माणसं इतक्या लांबून भिंत वाचायला कधी आलीच नव्हती. तिथेही ताप होता. पण त्यांनी रोग्यांना नुसती पेज पाजली होती, आणि रोगी अशक्त का होईना, उठून बसले होते.

वैद्यबाई होती तिथेच खाली बसली. "म्हणजे माणसं तापाने मरत नाहीत," ती म्हणाली. "मी लिहिलेल्या औषधाने मरताहेत."

चुन्याचं मडकं आणि खरवडणी घेऊन ती धावत दालनापाशी आली. आत माणसं वाचत होती.

"दादा, भिंत बदलायची आहे. ते मूळ या तापात विष होतंय."

"बदला की," राखणदार म्हणाला. "आतली माणसं बाहेर येऊ द्या, लगेच तुमची पाळी."

ती दारात उभी राहिली. आतली माणसं बाहेर येऊ लागली, तेवढ्यात एक कुंभार धापा टाकत आला. त्याची बायको तापाने फणफणली होती. आत अजून दोघं वाचत होती. राखणदाराने त्याला आत सोडलं. कुंभार वाचत असतानाच एक म्हातारी आली, आणि म्हातारीच्या मागून आणखी कोणी.

"दादा, नवीन माणसं थांबवा. आत आहेत ती आपली आपण बाहेर येतील. मग अर्धा दिवस मला भिंत द्या."

"बाई, आत एवढी माणसं वाचताहेत. त्यात एकाची भर पडली तर तुमचं काय बिघडतं? घरी तळमळणारं माणूस सोडून आलेल्याला मी कोणत्या तोंडाने थांबवू?"

मग ती येणाऱ्या प्रत्येकाला विनवू लागली. "ते मूळ देऊ नका हो. नुसती पेज पाजा."

लोक म्हणत, "भिंतीवर तर तसं नाही." आणि तिला वळसा घालून आत जात.

एकदा तिला राहवलं नाही. ती आत घुसली आणि खरवडणी उचलली. समोर एक मुलगी ओठ हलवत औषध पाठ करत होती. वैद्यबाईचा हात थबकला. निम्मी पुसलेली ओळ घेऊन ही पोर घरी गेली तर काय करून बसेल, कोण जाणे. ती दारात परत आली.

माणसं मरत होती, म्हणून घरचे घाबरत होते. घाबरत होते, म्हणून आणखी माणसं भिंतीकडे धावत होती. दिवसा काय, रात्री काय, दालन क्षणभरही रिकामं होईना. राखणदार वैद्यबाईला पाणी आणून द्यायचा, बसायला घोंगडी द्यायचा. म्हणायचा, "येईल हो तुमची पाळी."

मग राखणदाराच्याच लेकीला ताप आला.

वैद्यबाईने त्याचे पाय धरले. "तिला पेज द्या. माझं एवढं ऐका."

त्याचे डोळे भरून आले. "तुमचं खरंही असेल, बाई. पण भिंतीवर नाही ना तसं." तो आत गेला आणि औषध वाचून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा त्याच्याकडे बघवत नव्हतं. वैद्यबाई हलक्या आवाजात म्हणाली, "आता तरी दार लावा."

तेवढ्यात तान्ह्या बाळाला छातीशी धरून एक बाई आली. राखणदार तिच्याकडे बघत राहिला. मग बाजूला सरकला. "हिला कशी थांबवू?" तो म्हणाला. "मलाही कोणी थांबवलं नव्हतं."

पुढे माणसं कमी येऊ लागली. मग एखाददुसरं. आणि एके सकाळी दालन रिकामं होतं.

वैद्यबाई आत गेली. कोणी मध्ये आलं नाही. तिने जुनी ओळ खरवडली, चुना लावला, सुकू दिला आणि ठळक अक्षरांत लिहिलं, 'या तापात मूळ देऊ नये. पेज पाजावी. माणूस वाचतो.'

ती बाहेर आली. "झालं, दादा. सोडा आता लोकांना आत."

राखणदाराने रस्त्याकडे बघितलं. खालच्या गावात एकाही चुलीचा धूर दिसत नव्हता. दोघं संध्याकाळपर्यंत दारात बसून राहिली. वाचायला कोणी आलं नाही.

आधीपासून थांबलेल्याला मागे ठेवून नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला आत सोडणारी दया शेवटी सगळ्यांच्याच जिवावर उठते.