पाठीमागचा हात

एका राज्यात धुरपा नावाची बाई 'आपल्या लेकरांचे आवाज कुणीतरी चोरतंय' असं ओरडून ओरडून दमली, पण तिचं कुणी खरं धरलं नाही. तिच्या स्वतःच्या माणसांनीसुद्धा नाही.

तिची माणसं काजळवर्णी, एके काळी साखळीनं बांधलेली. ज्या राजानं सोडवलं त्याला ती 'तारणहार' म्हणत. त्याचं नाव जिभेवर घ्यायचं नाही, त्यामुळे राजघराण्याबाहेर ते आता कुणाला ठाऊकही नव्हतं. चौकात त्याचा दगडी पुतळा होता, एक हात आशीर्वादाला उचललेला, दुसरा पाठीमागे. दरसाल काजळवर्णीयांच्या एका लेकरानं त्याचे पाय धुवायचे, "उपकार झाले" म्हणायचं आणि पाठ न दाखवता मागं मागं सरत यायचं. तेवढं म्हटलं की लेकराची वाचा जायची. लोक म्हणायचे, सुटकेपुढं एवढं काय!

यंदा धुरपेच्या लेकीची, मैनीची वाचा गेली.

धुरपा तडक पुतळ्याच्या मागं गेली. आजवर तिकडं कुणी गेलंच नव्हतं. पाठीमागच्या मुठीत तीच जुनी साखळी होती, आणि तिच्या गाठीत लेकरांचे आवाज थरथरत होते. पुतळ्याच्या खांद्यावर साळुंकी बसली होती.

"साळुंके, हे कसं सुटेल?"

"तीन कामं. याच्या पायांवर पुन्हा पाणी घालू नये. राजरक्ताच्या माणसानं इथं येऊन बघावं. आणि ज्यानं सोडलं त्यानंच बांधलं होतं. त्याचं नाव तू घ्यावंस, बिनमहाराजाचं."

धुरपेनं सर्वांदेखत पाय धुवायची घागर फोडली.

"उपकार विसरली!" म्हातारा रायाजी ओरडला.

"नाना, आधी बांधलं कुणी, ते विचारलंत कधी?"

गलका ऐकून राजकन्या हेमांगी आली. "धुरपाबाई, मी सांगते सगळ्यांना. माझं ऐकतील."

"ऐकतील, म्हणूनच नको. तू बघ, राजकन्ये. सांगेन मी."

हेमांगीनं मागं जाऊन पाहिलं. चेहरा उतरला. "हे माझे पणजोबा."

"हो. यांचं नाव हवंय मला."

"नाव सांगते. पण मी एवढं केलं, ते विसरू नकोस हं."

करकर करत साखळी आवळली. मैनीनं गळा धरला.

"झालं!" साळुंकी म्हणाली. "हिलाही पाय धुवून हवेत."

हेमांगीला रडू फुटलं. धुरपेनं पदरानं तिचे डोळे पुसले. "रडू नकोस, पोरी. चोरीचं परत करताना आभार मागायचे नसतात, एवढंच."

"मला काही नको," म्हणत हेमांगीनं तिच्या कानात नाव सांगितलं. धुरपेनं गाठीला ओठ लावून ते उच्चारलं.

गाठ सुटली. आवाज पाखरांसारखे उडाले आणि ज्याच्या त्याच्या गळ्यात जाऊन बसले. केस पिकलेली माणसं लेकरांच्या आवाजात आईला हाका मारू लागली. रायाजीच्या म्हाताऱ्या बहिणीनं त्याला "दादा" म्हटलं, आणि तो मटकन खाली बसला.

मैनी आईला बिलगली. "आई, कुणी नेला होता गं माझा आवाज?"

राजकन्या गर्दीत, मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली. धुरपेनं पुतळ्याकडे पाठ केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"करुणाकरानं."