डबा, ड्रोन आणि धुरपा

सुरंगगडच्या रंगराव महाराजांनी हुकूम काढला: उद्यापासून गडावर माणसानं ओझं न्यायचं नाही, ड्रोन नेईल! पायथ्याच्या चाळीस घरांच्या चुली त्या ओझ्यांवर पेटत होत्या. त्या विझणार, हे महाराजांना सांगायचं कुणी?

बरं, ड्रोनही अजून प्रयोगातलाच. पहिल्याच दिवशी त्यानं दिवाणजींच्या पागोट्यावर दह्याचं मडकं सोडलं. ड्रोन बनवणाऱ्या कंपनीचे साहेब म्हणाले, प्रयोग यशस्वी, दही अचूक पडलं. महाराजांनी टाळ्या वाजवल्या. मग दिवाणजींनाही वाजवाव्या लागल्या.

शेवटी धुरपा नावाची हमालीण दरबारात उभी राहिली आणि आमच्या पोटावर पाय देऊ नका म्हणाली. महाराज मिशीत हसले.

"ड्रोनला हरवून दाखव. हुकूम मागे घेतो."

चार मिनिटांत गड गाठणाऱ्या यंत्राला दोन पायांनी हरवायचं! पण धुरपा हटली नाही. तिनं पैज मांडली. दोघांनी एकेक पत्र्याचा डबा चुरमुरे भरून गडावर राहणाऱ्या महाराजांच्या आईसाहेबांना पोचवायचा, आणि त्या देतील तसा डबा घेऊन जो आधी खाली येईल तो जिंकला. साहेब खूश झाले. ड्रोनची ताकद पाच किलोची, चुरमुऱ्यांचं वजन ते कितीसं? आणि येताना तर नुसता डबाच.

ड्रोन भुर्रकन गेला. धुरपा डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर डबा ठेवून पायऱ्या चढू लागली. खाली महाराज ड्रोनच्या कॅमेऱ्यातून सारं पडद्यावर बघत होते. आईसाहेबांनी चुरमुरे काढून घेतले, डबा पुसला आणि त्यात डिंकाचे लाडू रचायला बसल्या. डबा काठोकाठ भरला. ड्रोन घरघरला, थरथरला, पण वीतभरही उठेना.

महाराज घाबरून ड्रोनच्या कर्ण्यातूनच म्हणाले, "आईसाहेब, डबा रिकामाच पाठवा."

"रंगराव, आपल्या घरातून कुणाचं भांडं रिकामं गेलंय कधी? बोलताना लाज नाही वाटली?"

साऱ्या दरबारानं ऐकलं. महाराजांचा चेहरा एवढासा झाला. साहेब बटणं दाबत राहिले, तासाभरात ड्रोनची बॅटरीही संपली.

दुपारी धुरपा खाली आली. डोक्यावर लाडवांनी गच्च भरलेला डबा, आणि पाठीला जुन्या लुगड्यात बांधलेला ड्रोन. डबा तिनं महाराजांपुढे ठेवला, ड्रोन साहेबांच्या मांडीवर दिला.

महाराजांनी एक लाडू तोंडात टाकला आणि विचारलं, "हे असं होणार, तुला ठाऊक होतं?"

"वीस वर्षं आईसाहेबांकडचे डबे उतरवतेय, सरकार. रिकामा एकही नव्हता. आणि या पाखराची हमाली वेगळी पडेल."

महाराज असे हसले की तोंडातल्या लाडवाच्या भुग्यानं दिवाणजींचं पागोटं पुन्हा भरलं! हुकूम तिथंच फाडला. धुरपाला जरीचं लुगडं दिलं, हमालांची मुकादम केलं, आणि पावसाळ्यात पायवाट वाहून गेली तर औषधं न्यायला ड्रोनही तिच्याच हाताखाली दिला.

साहेबांनी संध्याकाळी कंपनीला अहवाल पाठवला: प्रयोग यशस्वी. ड्रोन सुखरूप परत आला.